रस्ता न अडवता गाड्यांची मोजणी : स्वतःच माप घेणारा सेन्सर कसा बसवायचा

वाहतूक मोजणारा कॅमेरा बसवण्याच्या जुन्या पद्धतीत एक काम सगळ्यांच्याच जिवावर येतं. भर रस्त्यात टेप धरून चार खुणा करायच्या, त्यांच्यातली अंतरं लिहून घ्यायची, मग लॅपटॉपवर त्याच चार खुणांवर क्लिक करून आकडे भरायचे. हे होईपर्यंत गाड्या थोपवून धरायच्या. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, पारोळा ते जळगाव पट्ट्यात, हे काम वीस मिनिटं चाललं तर ट्रकवाले काय बोलतील ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि पावसाळ्यानंतर कॅमेरा जरा कलला की पुन्हा तोच खटाटोप.

आता टेप न धरता स्वतःच माप बसवणारे सेन्सर मिळतात. कॅमेरा असेल तर तो गाड्या कोणत्या रेषांत येतात-जातात हे पाहून रस्त्याची दिशा, स्वतःचा कल आणि अंतराचं प्रमाण काढतो. रडारला अंतर लहरींवरूनच कळतं, फक्त गाड्या कुठून कुठून धावतात ते शिकावं लागतं. विकणारा सांगतो, 'लावा आणि विसरा'. तेवढं सोपं नाही. हा सेन्सर माप तुमच्याकडून घेत नाही, रस्त्याकडून घेतो. पहिल्या चार-पाच दिवसांत जे दिसेल तेच तो खरं धरतो, आणि ज्या खांबावर बसून शिकला तो खांब हलला की शिकलेलं सगळं खोटं ठरतं. टेपचं काम वाचतं, पण खांबाचं आणि पडताळणीचं काम वाढतं. नगरपालिकेतले अभियंते, छोटे ठेकेदार, प्रकल्प करणारे विद्यार्थी, जे कोणी हे पहिल्यांदा करताय, त्यांनी पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात.

१. काय मोजायचं ते आधी कागदावर लिहा

फक्त गाड्यांची संख्या आणि वेग हवा असेल तर रडार घ्या. ते धुळीत, धुक्यात, रात्री सारखंच चालतं, वीज कमी खातं आणि त्यात कोणाचा चेहरा दिसत नाही. दुचाकी किती, रिक्षा किती, ट्रॅक्टर किती हे वेगळं हवं असेल तर कॅमेऱ्याशिवाय पर्याय नाही.

प्रकार का महत्त्वाचे? रस्त्यावरचा भार गाड्यांच्या नगांवर धरत नाहीत, कारच्या पटीत धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 'आयआरसी ६४ : १९९०' मध्ये ग्रामीण रस्त्यांसाठी दुचाकी ०.५, कार किंवा रिक्षा १, ट्रक किंवा बस ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी ८ असं धरलं आहे. उसाच्या हंगामात शहाद्याकडच्या रस्त्यावर सेन्सरने शंभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या 'कार' म्हणून मोजल्या तर ४५० चा भार १०० दिसेल. अशा आकड्यांवर रुंदीकरणाचा प्रस्ताव केला तर तो पहिल्याच टेबलावर अडकेल.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करून ठेवा. या सेन्सरच्या वेगावर चलन फाडता येत नाही. चलनासाठी लागणाऱ्या यंत्राला केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे मान्यता प्रमाणपत्र लागतं. आपलं यंत्र नियोजनासाठी आहे, हे अर्जातच लिहा.

२. परवानगी आणि कागद

रस्ता कोणाचा आहे हे शोधणं हेच अर्धं काम. शहरातून जाणारा रस्ता पालिकेचाच असतो असं नाही. महामार्ग असेल तर महामार्गाचं कार्यालय, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, गावरस्ता असेल तर जिल्हा परिषद. चुकीच्या दारात अर्ज दिला तर महिनाभराने तो 'आमच्या अखत्यारीत येत नाही' एवढा शेरा घेऊन परत येतो. सोबत हे ठेवा :

– जागेचा नकाशा, किलोमीटर दगडाच्या क्रमांकासह, आणि खांबाचं रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर
– खांबाचं रेखाचित्र आणि पायाचं माप
– रडार किंवा रेडिओ मॉड्यूलच्या दूरसंचार मंजुरीची, म्हणजे डब्ल्यूपीसीच्या (केंद्र सरकारच्या बिनतारी यंत्रणांना मंजुरी देणाऱ्या विभागाच्या) 'इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल'ची प्रत. ती विक्रेत्याकडून खरेदीआधीच मागा, नंतर मिळत नाही
– विजेची जोडणी घेणार असाल तर महावितरणचा अर्ज
– वाहतूक शाखेला माहितीचं पत्र
– व्हिडिओ साठवणार नाही, फक्त आकडे साठवणार, असं लेखी हमीपत्र. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानंतर हे विचारलं जातं, आणि विचारलं नाही तरी द्यावं

महावितरणच्या खांबाला परवानगीशिवाय हात लावू नका. 'केबलवाल्याने लावलंय की' हे उत्तर तिथे चालत नाही.

३. जागा निवडा

कॅमेऱ्याला किमान ६०–७० मीटर सरळ, सपाट रस्ता हवा. गाड्यांच्या वाटा चित्रात लांबवर एका बिंदूकडे जाताना दिसतात. रुळांचे दोन पट्टे दूर एकत्र आल्यासारखे दिसतात, तसंच. या बिंदूवरून सॉफ्टवेअर कॅमेऱ्याचा कल काढतं. वळणावर असा एक बिंदू सापडत नाही. चढ-उतारावर 'रस्ता सपाट आहे' हे गृहीतकच मोडतं. म्हणून पुलाचा चढ, चाळीसगावकडचा कन्नड घाट, उड्डाणपुलाचा उतार ही ठिकाणं टाळा. चौकात तर मुळीच नको. जळगावच्या अजिंठा चौफुलीसारख्या ठिकाणी गाड्या थांबतात, वळतात, एकमेकींना झाकतात. तिथे तो काय शिकणार? चौकाच्या १५० मीटर अलीकडे बसवा.

सूर्याचा विचार आजच करा. महामार्ग ५३ खान्देशात साधारण पूर्व-पश्चिम जातो. रस्त्याच्या रेषेत कॅमेरा धरला की सकाळी नाहीतर संध्याकाळी सूर्य थेट भिंगात येतो, आणि नेमकी तीच गर्दीची वेळ असते. इथे खांब दक्षिणेच्या कडेला घ्या, नजर तिरकी उत्तरेकडे ठेवा आणि क्षितिज चित्रातून वगळा. क्षितिज दिसलंच पाहिजे असा एक गैरसमज आहे. तो बिंदू चित्राच्या बाहेर पडला तरी गणित चुकत नाही. शिरपूर–धुळे–चाळीसगाव असा जाणारा महामार्ग ५२ उत्तर-दक्षिण आहे, तिथे कॅमेरा सरळ उत्तरेकडे वळवला की झालं.

४. खांब आणि पाया : सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

तापीकाठची काळी माती कापसाला आणि केळीला चांगली, खांबाला वाईट. पावसात फुगते, एप्रिल-मेमध्ये हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात दीड-दोन फुटांचा खड्डा करून खांब रोवला तर एका पावसाळ्यात तो कलतो.

कलल्याने नुकसान किती, ते आकड्यांत बघा. कॅमेरा ६ मीटर उंच आहे आणि ३० मीटर दूरचा रस्ता पाहतो आहे. नजर ११.३ अंश खाली झुकलेली. खांब मागे फक्त १ अंश कलला, म्हणजे ६ मीटरच्या खांबाचं टोक जेमतेम दहा सेंटीमीटर सरकलं. डोळ्याला दिसणारही नाही. पण आता तोच पिक्सेल ३० मीटरऐवजी ३३ मीटरवरच्या जागी पडतो. अंतरात दहा टक्के चूक, आणि वेगातही तसाच घोळ.

म्हणून पाया किमान ६० × ६० सेंटीमीटरचा आणि दीड मीटर खोल घ्या. मुरूम लागत असेल तर तो लागेपर्यंत खणा. तळाला मुरुमाचा थर ठोका, एम-२० काँक्रीट भरा, चार अँकर बोल्ट सोडा आणि भोवती काळी माती परत लोटू नका, मुरूम भरा. सात दिवस पाणी मारल्याशिवाय खांब उभा करू नका. उभा केल्यावर ओळंबा दोन बाजूंनी लावा, एका बाजूने नव्हे.

उंचीवर कंजुषी नको. समोरचा ट्रक मागच्या दुचाकीला झाकतो. ३.८ मीटर उंचीचा माल भरलेला ट्रक २० मीटरवर असेल तर ६ मीटरवरच्या कॅमेऱ्याला त्याच्यामागचा सुमारे ३५ मीटर रस्ता दिसतच नाही. तोच कॅमेरा ८ मीटरवर नेला तर झाकलेला भाग १८ मीटरवर येतो. खांब दोन मीटर वाढवल्याने एवढा फरक पडतो. सावदा-रावेरकडून केळीचे ट्रक एकामागून एक निघतात, त्या रस्त्याला ८ मीटरच घ्या.

होर्डिंगच्या सांगाड्यावर, झाडावर किंवा पादचारी पुलाच्या कठड्यावर कॅमेरा लावू नका, ते सगळं हलतं. आणि खांबावर 'येथे फलक लावू नये' अशी पाटी लावाच. भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि खांबाला ओढतो, भिंग झाकतो ते वेगळंच.

५. सामान

कॅमेरा : २ मेगापिक्सेल पुरेसा. भिंग ठरलेल्या फोकसचं, ६ किंवा ८ मिलिमीटरचं घ्या. दुकानात सीसीटीव्ही म्हणून सहसा २.८ मिलिमीटरचं हातात देतात. त्यात चित्राच्या कडेच्या सरळ रेषा वाकतात आणि स्वतःच माप काढणारं गणित सरळ रेषांवरच उभं आहे. फिरणारा, झूम होणारा कॅमेरा तर अजिबात नको. कोणीतरी कंट्रोल रूममधून तो 'जरा बघू' म्हणून फिरवणार, हे ठरलेलं.

गणना करणारा छोटा संगणक खांबावरच्याच पेटीत. साधं मेमरी कार्ड उन्हात लवकर मरतं, जास्त टिकाऊ प्रकारचं किंवा एसएसडी वापरा. पेटी आयपी-६६, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारी, पांढरी, वरून दुहेरी छप्पर : पेटीपासून चार-पाच सेंटीमीटर सोडून दुसरा पत्रा. भुसावळ-जळगावला मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. बंद पेटीत त्याहून वीस अंश सहज चढतात.

बाकी : बाहेरच्या वापराची कॅट-६ केबल १०० मीटरच्या आत, पीओई स्विच (एकाच केबलमधून डेटा आणि वीज देणारा), दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा), वेगळी अर्थिंग, ४जी राउटर, स्टीलचे क्लॅम्प. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकतं. केबलची सगळी भोकं सीलबंद करा. पालीला आणि मुंग्यांना पेटीतली ऊब आवडते.

रडार घेत असाल तर कडेने मारा करणारं, दोन किरणांचं घ्या. गाडी पहिल्या किरणातून दुसऱ्यात किती वेळात गेली यावरून ते वेग काढतं. एका किरणाचं स्वस्त रडार गाडीची लांबी गृहीत धरून वेगाचा अंदाज करतं, आणि आपल्याकडे छोटा हत्ती, जीप आणि डबल ट्रॉली एकाच रांगेत असतात. समोरून पाहणारं डॉपलर रडार असेल तर कोन सांभाळा. ते गाडीचा तुमच्या दिशेने येणारा वेग मोजतं. ३० अंश तिरकं लावलं तर ६० चा वेग ५२ दिसतो. कोन स्वतः मोजून दुरुस्ती करणारं मॉडेल आहे का, हे माहितीपत्रकात बघून घ्या.

६. वीज

कॅमेरा आणि संगणक मिळून साधारण २० वॅट धरा, म्हणजे दिवसाला ४८० वॅट-तास. सोलरवर चालवायचं तर हिशेब उन्हाळ्याचा नव्हे, श्रावणाचा करा. ढगाळ दिवसांत तीन तासांचं पूर्ण ऊन धरा आणि तीस टक्के घट सोडा. २३० वॅट येतात, म्हणून पॅनेल २५० ते ३०० वॅटचं. दोन दिवसांचा साठा हवा असेल तर १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. एकटं रडार ३ वॅटमध्ये भागतं, त्याला ५० वॅटचं पॅनेल आणि १८–२० अँपिअर-तासाची बॅटरी पुरते. पॅनेलवर धूळ बसते, पंधरा दिवसांतून एकदा पुसायला माणूस ठरवून ठेवा.

डेटाचाही हिशेब करा. २ मेगाबिटचा व्हिडिओ सतत पाठवला तर दिवसाला २१ जीबीहून जास्त जातो. गाडीमागे एक ओळ, म्हणजे ६० बाइट धरले, तर वीस हजार गाड्यांना सव्वा एमबीसुद्धा लागत नाही. आकडेच पाठवा.

७. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये काय बंद करायचं

इथे काही लावायचं कमी आणि बंद करायचं जास्त आहे. डिजिटल झूम बंद. चित्राची काटछाट बंद, कारण पायरी ३ मधल्या लांबवरच्या बिंदूंवरून भिंगाचं माप काढताना गणित चित्राचा मध्य हाच भिंगाचा मध्य धरतं. थरथर कमी करणारी सोय बंद. फोकस एकदा जुळवला की कुलूपबंद.

सगळ्यात फसवी सेटिंग म्हणजे रात्रीचा मंद शटर. अंधार पडला की कॅमेरा गुपचूप सेकंदाला २५ ऐवजी साडेबारा चित्रं द्यायला लागतो. सॉफ्टवेअर मात्र २५ धरून चालतं. परिणाम : सात वाजल्यानंतर रस्त्यावरची प्रत्येक गाडी, अगदी बैलगाडीसुद्धा, दुप्पट वेगाने पळताना दिसते. मंद शटर बंद करा, शटर १/१०० सेकंदापेक्षा हळू जाऊ देऊ नका, आणि सॉफ्टवेअर चित्रांची संख्या मोजतं की प्रत्येक चित्रावरची वेळ वाचतं हे तपासा. वेळ वाचणारं घ्या. घड्याळ नेटवरून जुळतं ठेवा.

८. शिकायला सोडा, पण दिवस बघून

सुरू करायचा दिवस निवडणं ही या कामातली खरी कला. सॉफ्टवेअर काही तासांत 'तयार' म्हणतं. त्यावर जाऊ नका, चार-पाच दिवस द्या. त्यात गावचा आठवडे बाजार नको. बाजाराच्या दिवशी कडेची अर्धी लेन हातगाड्यांनी भरते, गाड्या मधून वाट काढतात आणि सेन्सर त्या वाकड्या वाटेलाच रस्ता समजतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींनी भरलेल्या गाड्या, पोळ्याच्या मिरवणुका, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, हे दिवस मोजायला छान आहेत, शिकवायला नाहीत. डांबरीकरण चालू असतानाही नको.

रडार लेन शोधतं ते कोणत्या अंतरावर जास्त गाड्या दिसतात यावरून. लेनची शिस्त असेल तिथे ३.५ मीटरवर नीट ढीग दिसतात. आपल्याकडे ढीग पसरट येतात आणि कडेच्या मातीवरून उलटे येणारे दुचाकीस्वार स्वतःची एक लेन तयार करतात. रडारने चारपदरी रस्त्यावर सहा लेन दाखवल्या तर घाबरू नका. लेनचा नाद सोडा, दोन दिशांचे दोन गट करा.

कॅमेऱ्याचं माप बरोबर बसलं का, हे रस्त्यावर न उतरता एका आकड्यावरून कळतं. खांबावर चढलेल्या माणसाला भिंगापासून रस्त्यापर्यंतची उंची टेपने घ्यायला सांगा. समजा ती ७ मीटर आहे. आता सॉफ्टवेअरने स्वतः काढलेली उंची बघा. ६.८ ते ७.२ असेल तर छान. ८.१ दाखवत असेल तर कारण बहुधा असं : परदेशात शिकलेल्या सॉफ्टवेअरला सरासरी कार साडेचार मीटरची वाटते. आपल्या रस्त्यावर ४ मीटरच्या आतल्या कारच जास्त, कारण २००६ पासून त्यांना करात सवलत आहे. ३.९ मीटरची कार ४.५ ची समजली की सगळं जग पंधरा टक्के मोठं होतं : कॅमेरा ८.१ मीटरवर जातो आणि ५० चा वेग ५८ होतो. सेटिंगमध्ये कारची सरासरी लांबी बदलता येते, ती ३.९ करून पुन्हा शिकायला सोडा.

याहून भरवशाची पट्टी म्हणजे रिक्षा. तीनचाकी प्रवासी रिक्षा जवळजवळ एकाच मापाच्या असतात, लांबी सुमारे २.६ मीटर. दुसरी पट्टी प्रत्येक नव्या गाडीवर लावलेलीच आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना येणारी उच्च सुरक्षा नंबर प्लेट ठरलेल्या मापाची असते : कारची ५०० × १२० किंवा ३४० × २०० मिलिमीटर, दुचाकीची मागची २०० × १००. ६ मिलिमीटर भिंगातून ३० मीटरवर पाचशे मिलिमीटरची प्लेट साधारण ३४ पिक्सेल रुंद दिसते. मोजायला पुरते, पण नंबर नीट वाचता येत नाही. खासगीपणाच्या दृष्टीने हे बरंच आहे.

९. गाड्यांचे प्रकार शिकवा

फुकट मिळणारी बहुतेक ओळख-मॉडेल्स कोको या परदेशी चित्रसंचावर शिकलेली असतात. त्यात कार, बस, ट्रक, मोटारसायकल, सायकल आहे. रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, बैलगाडी नाही. गाय मात्र आहे, त्यामुळे बैलगाडी कधी 'गाय' होते, कधी गायबच. हैदराबादच्या ट्रिपल-आयटीने केलेल्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये रिक्षा हा वेगळा प्रकार आहे, त्यावर शिकलेलं मॉडेल घ्या. त्यावर आपल्या रस्त्याची चित्रं घाला : दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, कापसाने फुगलेली पिकअप, उसाची बैलगाडी, मागे-वर माणसं बसलेली जीप. प्रत्येक प्रकाराची तीनशे-चारशे चित्रं, दिवसाची आणि रात्रीचीही.

डबल ट्रॉलीचा खास त्रास म्हणजे मधल्या दांड्याच्या जागी फट दिसते आणि सेन्सर एकाच्या दोन-तीन गाड्या करतो. सॉफ्टवेअरमध्ये 'गाड्यांमधलं किमान अंतर' असा पर्याय असतो, तो थोडा वाढवा. फार वाढवला तर शेजारून जाणाऱ्या दोन दुचाकी एक होतात. सुवर्णमध्य प्रत्येक रस्त्याचा वेगळा.

१०. हाताने मोजून पडताळा

माप आपोआप बसलं म्हणजे पडताळणी टळत नाही. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि रात्री, प्रत्येकी १५ मिनिटं. एका दिशेला दोन माणसं : एक दुचाकी मोजेल, दुसरा बाकी सगळं. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, ही जुनी पद्धत अजूनही सगळ्यात बिनचूक. जोडीला मोबाईलवर व्हिडिओ घ्या, वाद झाला तर उपयोगी पडतो.

एकूण बेरीज जुळली म्हणून खूश होऊ नका. समजा हाताने २१२ आले आणि सेन्सरनेही २०९ दिले. आत बघा : दुचाकी २३ ने कमी, 'ट्रक' २० ने जास्त. दोन चुका एकमेकींना झाकतात. प्रत्येक प्रकार वेगळा ताडा. एकूण संख्येत ५ टक्के, दुचाकीत १० टक्के फरक चालवून घ्यावा, त्यापुढे नाही.

वेगासाठी मोटारसायकलवर जीपीएसचं अॅप लावलेला मोबाईल घट्ट बांधा. त्याच पट्ट्यातून ताशी ४० च्या एकसारख्या वेगाने दहा फेऱ्या मारा, प्रत्येक फेरीची वेळ लिहा, मग सेन्सरच्या नोंदीत शोधा. गाडीच्या काट्यावर विसंबू नका, तो सहसा जास्तच दाखवतो. दहापैकी आठ फेऱ्यांचे वेग ताशी ३ किलोमीटरच्या आत जुळले तर काम झालं. सगळ्याच एका बाजूने चुकल्या तर लांबीची पट्टी चुकली आहे, पायरी ८ वर परत जा. उलटसुलट चुकल्या तर चित्रं गळताहेत किंवा घड्याळ बिघडलं आहे.

सरकारी नियोजनात आकडे वापरायचे तर 'आयआरसी ९ : १९७२' ची रीत पाळा. वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास. एकदा माल निघण्याच्या हंगामात, एकदा मंदीत. सेन्सर तर कायमच चालू असतो, त्यामुळे हे आठवडे नंतर निवडून काढता येतात. हा त्याचा खरा फायदा.

११. पुढे काय काय बिघडतं

मे महिन्यात दुपारी बारा ते चार आकडे पडतात. कारणं दोन असू शकतात. एक, उन्हात खरंच कोणी बाहेर पडत नाही. खान्देशात हे अगदी शक्य आहे. दोन, पेटीतला संगणक तापून मंदावला आहे. रास्पबेरी पायसारखा संगणक ८० अंशांच्या पुढे स्वतःचा वेग कमी करतो, चित्रं गळतात आणि दुचाकी सगळ्यात आधी सुटतात. फरक ओळखायला संगणकाचं तापमान दर मिनिटाला आकड्यांसोबतच साठवा. ती सोय पहिल्या दिवशी केली नाही तर मागचा उन्हाळा कधीच कळणार नाही.

रात्री अचानक शेकडो 'गाड्या' वाढल्या तर आधी भिंगावरचं कोळ्याचं जाळं बघा. इन्फ्रारेड दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, वाऱ्यात हलणारं जाळं उजळतं आणि सेन्सर मोजत बसतो. कॅमेऱ्याचा दिवा बंद करून दोन-तीन फुटांवर वेगळा दिवा लावला की त्रास बराच कमी होतो. सावलीच्या टोपीखाली गांधीलमाश्या पोळं करतात. शिडी लावण्याआधी खालून काठीने खात्री करा.

पहिला मोठा पाऊस झाला की, आणि पुन्हा होळीच्या सुमारास, खांबाला ओळंबा लावा. त्याआधी एक सोपी खबरदारी : बसवल्या दिवशीचं एक चित्र जपून ठेवा, ज्यात न हलणाऱ्या तीन गोष्टी आहेत, किलोमीटरचा दगड, एखाद्या घराचा कोपरा, विजेचा खांब. दर सोमवारी आजचं चित्र त्यावर ठेवून बघा. चार-पाच पिक्सेलपेक्षा जास्त सरकलं असेल तर सेन्सरला पुन्हा चार दिवस शिकायला सोडा आणि मधल्या काळातले वेग अहवालात घेऊ नका. संख्या घेतली तरी चालेल, ती कलाने फारशी बिघडत नाही.

काही यंत्रं आपोआप रोज स्वतःला नव्याने जुळवत राहतात. ऐकायला चांगलं वाटतं, पण यात्रेच्या आठवड्यात ती यात्रेशी जुळतात आणि नंतरचे दोन-तीन दिवस वाकडे आकडे देतात. हा पर्याय बंद ठेवा. पुन्हा जुळवणी हाताने हुकूम देऊन, आपण ठरवलेल्या दिवशीच होऊ द्या.

पेटीच्या दाराला आतून एक कागद लॅमिनेट करून चिकटवा : बसवल्याची तारीख, टेपने घेतलेली भिंगाची उंची, सॉफ्टवेअरने काढलेली उंची, कारची धरलेली लांबी, शेवटच्या जुळवणीचे दिवस, पडताळणीतले चार आकडे आणि अर्थिंग कुठे पुरलं आहे त्याची खूण. पासवर्ड त्यावर लिहू नका. तो कार्यालयात, दोन वेगळ्या माणसांकडे.